लेझरनं ध्रुवावरच्या बर्फाची उंची कशी मोजतात? आणि आपल्या खाडीला त्याचं काय?

खाडीकाठची (ऐरोली) | शनिवार, रात्री १०:१२

ग्रीनलँडचा इतका बर्फ गेला, समुद्र इतके मिलिमीटर चढला, असे आकडे आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. ते आकडे कुठून येतात, यासाठी हा धागा काढते आहे. मी भौतिकशास्त्र शिकवते. पाचशे किलोमीटर उंचीवरून बर्फाच्या पृष्ठभागातला वर्षाकाठी काही मिलिमीटरचा फरक कळतो, असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नये, आधी तपासावं. मी जमेल तितकं तपासलं आणि आता हा विषय डोक्यातून जात नाही.

सध्या हे काम करणारा मुख्य उपग्रह नासाचा आइससॅट-२. १५ सप्टेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डेनबर्गहून तो गेला. डेल्टा-२ अग्निबाणाचं ते शेवटचं उड्डाण. उपग्रहावर ॲटलस नावाचं एकच उपकरण आहे. ते हिरव्या लेझरचे (तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर) सेकंदाला १०,००० झोत खाली सोडतं. एका झोतात साधारण वीस लाख कोटी फोटॉन (प्रकाशकण) निघतात आणि परत येऊन ८० सेंटिमीटरच्या बेरिलियमच्या दुर्बिणीत शिरतात ते जेमतेम डझनभर. त्या डझनभरातल्या प्रत्येकाची वेळ वेगळी नोंदली जाते.

वेळ मोजायची, प्रकाशाच्या वेगानं गुणायचं, दोननं भागायचं. नववीच्या पुस्तकातलं प्रतिध्वनीचं गणित तेच. फक्त तिथे आवाज असतो, इथे प्रकाश, म्हणून घड्याळ फारच कडक लागतं: एक नॅनोसेकंद चुकला की उंची १५ सेंटिमीटरनं चुकली. प्रकाशाला जाऊन यायला सुमारे ३.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक झोत परत येईपर्यंत मागचे तीसेक झोत सुटलेलेही असतात! कुठला फोटॉन कुठल्या झोताचा हे ओळखता येतं, कारण जमीन साधारण किती लांब आहे हे आधीच ठाऊक असतं.

पण वेळ हा यातला सोपा भाग. उपग्रह स्वतः नेमका कुठे आहे आणि त्याचा लेझर नेमका कुठे रोखलेला आहे, हे ठरवणं कठीण. जागा जीपीएसनं आणि जमिनीवरून उपग्रहावर लेझर मारून ठरवतात, रोख ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून. रोखात एका आर्कसेकंदाची (एका अंशाच्या ३,६००व्या भागाची) चूक झाली तर पाचशे किलोमीटर खाली ठिपका जवळजवळ अडीच मीटर सरकतो. बर्फाला एक अंशाचा उतार असला तर तेवढ्यानं उंचीत ४ सेंटिमीटरचा फरक पडतो.

प्रश्न विचारा. माहीत असेल ते सांगेन.

---

भूमापक (ठाणे पश्चिम) | शनिवार, रात्री ११:०५

ताई, उत्तम धागा. माझी सगळी नोकरी लेव्हलिंगमध्ये, म्हणजे जमिनीच्या उंच्या मोजण्यात गेली, त्यामुळे माझा प्रश्न धंद्याचाच. आम्ही बेंचमार्कवरून (उंची पक्की ठाऊक असलेल्या खुणेवरून) निघतो, स्टाफ (मोजपट्टी) धरतो, वाचन घेत जातो आणि शेवटी परत बेंचमार्कवर येऊन क्लोज करतो, म्हणजे उंची जुळते का ते बघतो. क्लोजिंग एरर मर्यादेत नसली तर दिवसभराचं काम बाद. तुमचा उपग्रह क्लोज कुठे करतो?

दुसरं, आज जिथे वाचन घेतलं तिथेच तीन महिन्यांनी परत घेता येतं का? बाजूला पन्नास मीटर सरकलात आणि तिथे उतार असला, तर जो फरक मिळेल तो बर्फ वितळल्याचा की उताराचा?

---

खाडीकाठची | रविवार, सकाळी ८:२०

काका, तुमच्या दुसऱ्या प्रश्नामुळेच हा उपग्रह असा बांधला गेला.

पहिला आइससॅट जानेवारी २००३ मध्ये गेला. त्याला एकच झोत होता, जमिनीवर ठिपका सुमारे ७० मीटरचा, दोन ठिपक्यांत १७० मीटरचं अंतर. पुढच्या वेळी तो त्याच रेषेवरून जायचा, पण शंभरेक मीटर इकडे-तिकडे. मग उतार वेगळा काढायला कित्येक फेऱ्यांची माहिती एकत्र करावी लागायची. शिवाय त्याचा पहिला लेझर महिनाभरात बंद पडला. उरलेले दोन पुरवून वापरायचे म्हणून वर्षातून ठरावीक काळच मोजमाप होई. शेवटचा लेझर २००९ मध्ये गेला. मधली पोकळी भरायला नासानं २००९ ते २०१९ विमानांतून मोजणी केली. त्या मोहिमेचं नाव आइसब्रिज.

आइससॅट-२ मध्ये एकाच लेझरचे सहा झोत केले आहेत, तीन जोड्या. दोन जोड्यांमध्ये ३.३ किलोमीटर आणि एका जोडीतल्या दोन झोतांमध्ये ९० मीटर. त्या ९० मीटरमध्येच सगळी गंमत आहे. दोन समांतर रेषा एकाच वेळी मोजल्या की आडवा उतार त्याच फेरीत मिळतो. पुढच्या खेपेला उपग्रह थोडा बाजूनं गेला तरी मधल्या रेषेवरची उंची काढता येते, कारण उतार हातात असतो. ठिपका आता ११-१२ मीटरचा आहे आणि रेषेवर दर ७० सेंटिमीटरला एक झोत पडतो. अशा १,३८७ रेषा ठरलेल्या आहेत आणि ९१ दिवसांनी उपग्रह पुन्हा पहिल्या रेषेवर येतो. म्हणजे प्रत्येक ऋतूत एकदा.

जोडीतला एक झोत दुसऱ्याच्या साधारण चौपट जोरदार आहे. पांढरं बर्फ आणि काळं पाणी दोन्ही एकाच उपकरणानं मोजायचं, म्हणून ही सोय.

क्लोजिंगबद्दल येऊरवासींनी लिहावं. त्यांचं त्यावर वाचन आहे.

---

येऊरवासी | रविवार, सकाळी ११:४०

लिहितो. अगदी तुमच्या बेंचमार्कसारखी जागा त्यांनी शोधली ती दक्षिण ध्रुवाजवळ. उपग्रहाची कक्षा ९२ अंशांत कललेली, त्यामुळे तो ८८ अक्षांशापर्यंत जातो आणि त्याच्या सगळ्या रेषा ८८ दक्षिणच्या आसपास एकमेकींना दाटीनं छेदतात. बर्फही तिथे सपाट. नासाच्या केली ब्रंट आणि टॉम न्यूमन यांच्या चमूनं बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाड्यांवर जीपीएस बसवून ८८ अक्षांशाच्या बाजूनं सुमारे ३०० किलोमीटरची रेघ प्रत्यक्ष मोजली. एकदाच नाही, वेगवेगळ्या उन्हाळ्यांत. मग उपग्रहाची उंची आणि गाडीची उंची शेजारी ठेवली. २०१९ साली छापून आलेला निष्कर्ष: सरासरी फरक ३ सेंटिमीटरच्या आत, एकेका वाचनाचा पसारा ९ सेंटिमीटरच्या आत.

कुणी म्हणेल, ९ सेंटिमीटरचा पसारा असताना मिलिमीटरच्या गोष्टी कशा करता? एकेका वाचनावरून करत नाहीच. अख्ख्या बर्फाच्छादनावरच्या असंख्य वाचनांची सरासरी घेतली की विस्कळीत चूक झिजत जाते. सगळीकडे सारखीच लागणारी चूक मात्र सरासरीनं झिजत नाही, म्हणून तर थंडीत गाडी घेऊन जावं लागतं. मला या सगळ्या प्रकल्पात सर्वात जास्त आदर या लोकांबद्दल वाटतो.

---

भूमापक | रविवार, दुपारी १२:१५

समाधान झालं. हे खरं क्लोजिंग.

---

मृगजळ (नेरूळ, बारावी) | रविवार, दुपारी ४:३०

नमस्कार. मी या उपग्रहाची मोजमापं दाखवणाऱ्या ओपनअल्टिमेट्री या संकेतस्थळावर ठाण्याच्या खाडीवरून गेलेली एक रेषा उघडली. खाडीच्या पाण्याची उंची चक्क उणे साठ मीटरच्याही खाली दाखवते आहे! मी काहीतरी चुकीचं उघडलंय का? आणि आलेखात वरखाली सगळीकडे ठिपकेच ठिपके आहेत, त्यातले खरे कसे ओळखायचे?

---

भूमापक | रविवार, संध्याकाळी ५:०२

बाळा, बरोबर उघडलं आहेस. आपण जमिनीची उंची सांगतो ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. भारतात हा आधार नऊ बंदरांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून १९०९ साली ठरला, आपलं अपोलो बंदर त्यातलंच. उपग्रहाला समुद्र ठाऊक नाही. तो उंची मोजतो पृथ्वीच्या एका गणिती अंडाकृतीपासून. आणि हिंदी महासागराच्या भागात गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं खरा समुद्र त्या अंडाकृतीच्या बराच खाली बसतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला जवळपास शंभर मीटर, आपल्याकडे साठहून अधिक. तू पाहिलंस ते खाडीचंच पाणी. जिऑइडची (गुरुत्वाकर्षणानुसार समुद्राची सरासरी पातळी जिथे बसते त्या पृष्ठभागाची) दुरुस्ती लावलीस की आकडा शून्याच्या जवळ येईल, आणि त्यानंतर जो उरेल त्यात त्या क्षणीची भरती-ओहोटी असेल.

---

खाडीकाठची | रविवार, संध्याकाळी ६:४८

शाब्बास मृगजळ, बारावीत असताना कच्ची माहिती उघडून बघणं हीच मोठी गोष्ट.

ठिपक्यांचं सांगते. ॲटलसला एकेक फोटॉन कळतो, पण तो लेझरचा की सूर्याचा हे कळत नाही. सूर्यप्रकाशातही हिरवा रंग आहेच. दुर्बिणीसमोर अतिशय अरुंद गाळणी आहे, ती नेमका ५३२ नॅनोमीटरजवळचाच प्रकाश आत घेते, तरी दिवसा थोडा सूर्य शिरतोच. तो कुठेही, कसाही विखुरतो. पृष्ठभागावरून आलेले फोटॉन मात्र एका रेषेत दाटतात. दाटी दिसली की पृष्ठभाग सापडला. रात्रीची फेरी निवडलीस तर आलेख पुष्कळ स्वच्छ दिसेल.

आणि जून ते सप्टेंबर विसर. दाट ढगातून लेझर जात नाही. त्या काळात आपल्याकडे बहुतेक वेळा ढगाचा माथाच मोजला जाईल.

---

वाशीकर | रविवार, रात्री ९:१०

दोन शंका, मनापासून विचारतोय. एक: बर्फ पाण्यावर तरंगतच असतो, मग वितळला तर पातळी का वाढावी? दोन: बर्फाची उंची कमी झाली म्हणजे बर्फ गेलाच कशावरून? भुसभुशीत हिम नुसतं दबलं तरी उंची उतरेल की.

---

येऊरवासी | रविवार, रात्री १०:२५

वाशीकर, पहिलं तुमचं जवळजवळ बरोबर आहे. आर्क्टिक समुद्रावर तरंगणारं बर्फ वितळून पातळी अशी वाढत नाही. पातळी वाढवतं ते जमिनीवर बसलेलं बर्फ, ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचं. ग्रीनलँडचं सगळं वितळलं तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल, अंटार्क्टिकाचं सगळं तर ५८ मीटरच्या आसपास. सगळं वितळायला फार मोठा काळ लागेल, पण साठा किती आहे ते कळावं म्हणून सांगितलं. अंटार्क्टिकाच्या कडेला समुद्रावर पसरलेले तरंगते बर्फाचे कट्टे मागच्या हिमनद्यांना अडवून धरतात. ते पातळ झाले की मागचा बर्फ वेगानं समुद्रात उतरतो, म्हणून तरंगतं असूनही त्यांची उंची मोजावीच लागते.

दुसरी शंका फार नेमकी आहे. या क्षेत्रातले लोक तिच्यावरच सर्वाधिक भांडतात. ताजं हिम हलकं असतं. वर्षानुवर्षं थर चढत गेले की दबून दबून त्याचं बर्फ होतं, घनता घनमीटरला ९१७ किलोच्या आसपास. मधल्या अर्धवट दबलेल्या थराला फर्न म्हणतात, तो काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंत खोल असतो. एखाद्या वर्षी उष्मा वाढला, तर फर्न जास्त दबतो आणि उंची उतरते, वजन मात्र तेवढंच. उलटही होतं. म्हणून हवामानाच्या नोंदी वापरून फर्न किती दबला याचा हिशेब वेगळा करतात आणि मोजलेल्या उंचीतून वजा करतात. शिवाय खालचा खडकही हळूहळू वर येत असतो, हिमयुगातलं ओझं उतरल्यामुळे. तेही वजा करायचं.

उत्तर पडताळायला दुसरा, पूर्ण वेगळा मार्ग आहे: ग्रेस उपग्रहांची जोडी. २००२ ते २०१७ पहिली, २०१८ पासून दुसरी. ती उंची बघत नाही, गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून थेट वजन मोजते. दोन्हीकडून उत्तर जवळपास जुळलं की मग बोलायचं.

---

भूमापक | सोमवार, सकाळी ७:३०

मी हिशेब करून पाहिला. २०२० साली सायन्स नियतकालिकात बेन स्मिथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्यांनी जुन्या आइससॅटच्या रेषा आणि नव्याच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे उंचीतला फरक काढला. २००३ ते २०१९ या काळात ग्रीनलँडनं वर्षाला सरासरी २०० गिगाटन आणि अंटार्क्टिकानं ११८ गिगाटन बर्फ गमावलं (एक गिगाटन म्हणजे शंभर कोटी टन). बेरीज ३१८. सोळा वर्षांचे झाले ५,०८८. जगभरचा समुद्र एक मिलिमीटर चढवायला साधारण ३६० गिगाटन लागतात. भागाकार १४ मिलिमीटर. त्यांनीही १४च लिहिलं आहे.

पूर्व अंटार्क्टिकात बर्फ थोडं वाढलंय, हेही त्यांनी लपवलेलं नाही. मला त्यामुळेच विश्वास वाटतो.

---

उधाण (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर) | सोमवार, दुपारी १:५०

सगळं वाचलं. माझ्या घरात पिढ्यान् पिढ्या मासेमारी आहे. चौदा मिलिमीटर म्हणजे दीड सेंटिमीटरही नाही. आमच्या खाडीत उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी वरखाली होतं. आमचं दुखणं वेगळं आहे. गाळ. आजोबा जिथे जिताडा धरायचे तिथे आता सुकतीला (ओहोटीला) होडी रुतते. भराव, सांडपाणी, तिवरांची तोड, हे सगळं इथे झालं, ग्रीनलँडमध्ये नाही. उपग्रहावर एवढा खर्च होतो, तर तो आमच्या खाडीचा गाळ मोजेल का?

---

खाडीकाठची | सोमवार, रात्री ९:३५

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गाळ: थेट नाही. हिरवा प्रकाश पाण्यात शिरतो. लक्षद्वीपसारख्या नितळ पाण्यात आइससॅट-२ तळही दाखवू शकतो, जगात काही ठिकाणी ४० मीटरपर्यंत. पण आपली खाडी गढूळ, इथे प्रकाश वरच्या वरच परततो. ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानं मात्र मोजता येतील, उपग्रह नेमका सुकतीच्या वेळी वरून गेला आणि आकाश निरभ्र असलं तर. दुसरी अडचण अशी की ध्रुवांकडे तो तीच रेषा पुन्हा पुन्हा मोजतो, आपल्या अक्षांशांवर तसं नाही. झाडांचा नकाशा दाट व्हावा म्हणून इथे त्याला मुद्दाम थोडं बाजूला रोखत आले आहेत. म्हणून एकाच जागेचा वर्षागणिक बदल त्यातून काढणं अवघड. खाडीच्या गाळाला बोटीतून खोलीची मोजणीच हवी, आणि ती नेमानं व्हायला हवी. ही मागणी तुमची आहे आणि माझीही.

तिवरांच्या बाबतीत बरं चित्र आहे. फोटॉन शेंड्यावरून येतात, काही पानांतून झिरपून चिखलावरून येतात. दोन्हींतला फरक म्हणजे झाडाची उंची. याच कामासाठी अंतराळ स्थानकावर जेडी नावाचं दुसरं लेझर उपकरणही डिसेंबर २०१८ मध्ये बसवलं. ते ५१.६ अक्षांशापर्यंतच जातं, म्हणजे आपल्यासाठी सोयीचं.

आता १४ मिलिमीटर. हा फक्त दोन बर्फाच्छादनांचा वाटा. डोंगरातल्या हिमनद्या आणि तापून फुगणारं समुद्राचं पाणी धरलं, तर १९९३ पासून जगाचा समुद्र सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास वर आला आहे. ते मोजतात रडार उपग्रह. त्यात आपल्या इस्रोनं फ्रान्सबरोबर २०१३ मध्ये सोडलेला सरलही होता.

तुमच्या साडेचार मीटरपुढे दहा सेंटिमीटर छोटेच. पण भरती-ओहोटी येते आणि जाते, हे दहा सेंटिमीटर परत जात नाहीत. नवी मुंबई वसवताना पावसाचं पाणी धारण तलावांत (होल्डिंग पॉन्डमध्ये) थांबवायचं आणि ओहोटीला खाडीत सोडायचं अशी रचना केली. खारभूमीच्या बांधाला उघाडी (पाणी बाहेर सोडणारी झडप) असते तोच न्याय. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेलं तरच झडप उघडते. सरासरी पातळी चढली की झडप उघडी राहण्याचा वेळ दर ओहोटीला थोडा घटतो. आणि तलाव गाळानं भरलेला असला तर साठवायची जागाही कमी. म्हणजे तुमचा गाळ आणि ग्रीनलँडचा बर्फ एकाच झडपेपाशी येऊन भेटतात. एक मोजला म्हणून दुसरा मोजायचा नाही असं होऊ नये.

---

वाशीकर | सोमवार, रात्री १०:२०

झडपेचं कधी असं लक्षात आलं नव्हतं. आमच्या सेक्टरमधल्या होल्डिंग पॉन्डचा गाळ काढायचा विषय सोसायटीच्या बैठकीत दर वर्षी निघतो. या वेळी हे मुद्दे लिहून नेतो.

अवांतर: हा हिरवा लेझर रात्री डोळ्यांना दिसतो का?

---

येऊरवासी | सोमवार, रात्री ११:०५

बाजूनं सहसा नाही. जपानमध्ये उल्का टिपायला लावलेल्या कॅमेऱ्यांत सप्टेंबर २०२२ मध्ये ढगांवर हिरव्या रेषा उमटल्या, त्या आइससॅट-२ च्याच निघाल्या. वेळ आणि जागा उपग्रहाच्या कक्षेशी ताडून खात्री केली गेली.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंटार्क्टिकावर काही ठिकाणी बर्फाचा पृष्ठभाग काही मीटर खाली बसायचा आणि पुन्हा फुगायचा. हेलन फ्रिकर आणि सहकाऱ्यांनी जुन्या आइससॅटच्या नोंदींतून २००७ मध्ये दाखवलं की खाली शेकडो मीटर बर्फाखाली तलाव आहेत, ते भरतात, फुटतात, पाणी एकातून दुसऱ्यात जातं. वरून फक्त उंची मोजत राहून हे सापडलं! आइससॅट-२ च्या माहितीतून २०२१ मध्ये आणखी दोन तलाव मिळाले.

---

मृगजळ | मंगळवार, सकाळी ६:५५

तलावांवरून सुचलं. खाडी अवघड असेल तर मी कॉलेजच्या प्रकल्पाला मोरबे किंवा भातसा धरणाचं पाणी घेऊ का? त्याची पातळी कशी उतरते ते दाखवता येईल?

---

खाडीकाठची | मंगळवार, सकाळी ८:१०

जरूर घे. जगभरच्या दोन लाखांहून जास्त तलावांची पातळी या उपग्रहानं मोजून २०२१ मध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात पाण्याच्या हंगामी चढउतारातला ५७ टक्के वाटा माणसानं बांधलेल्या जलाशयांचा निघाला. भातसा मोठं आहे, रेषा त्यावरून जायची शक्यता जास्त, म्हणून तिथून सुरुवात कर. माहिती फुकट मिळते. तलावांसाठी एटीएल१३ हा संच बघ, त्यात एकेक फोटॉन चाळायची गरज नाही. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ घे. जिऑइडची दुरुस्ती विसरू नकोस. मग त्याच तारखांना धरणाची जी पातळी जाहीर झाली असेल ती शेजारी मांड. तुझे आकडे आणि धरणावरचे आकडे यांत सगळीकडे सारखाच फरक निघाला तर तो आधाराचा फरक असेल, घाबरू नकोस. फरक प्रत्येक तारखेला वेगळा आला तर थांब आणि इथे विचार.

भूमापक काका, तिचे आकडे तुम्ही तपासून द्याल का?

---

भूमापक | मंगळवार, सकाळी ८:४०

देईन की. पोरी, आधी कच्चे आकडे तारखेसकट पाठव, आलेख नंतर. आणि धरणावरची पातळी कुठल्या बेंचमार्कपासून मोजतात ते पाटबंधारेवाल्यांना विचारून घे, तेवढं लेखी घे.